क्वेरी सुधारलीस, पण कारण कुठं ठेवलंस?

राजारामपुरी, कोल्हापूर

प्रिय भावा,

तुझं पत्र मिळालं. काकूंची तब्येत आता बरी आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. प्रत्येक संथ क्वेरीसाठी, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या रेंगाळणाऱ्या प्रश्नासाठी, मी वेगळा प्रोजेक्ट का उघडतो, या क्वेऱ्यांच्या सगळ्या एसक्यूएल फायली एका फोल्डरात ठेवल्या तर काय बिघडतं, असं तू विचारलंयस. फोनवर हे सांगून झालं नसतं, म्हणून निवांत लिहितोय.

आमच्याकडं एका साखर कारखान्याचं काम आहे. त्यात ऊसबिलाची क्वेरी सगळ्यात जड. काटा पावत्या, सभासद, गाव, गट, तोडणी-वाहतूक, सोसायटीची कर्जकपात असं सगळं जोडून पंधरवड्याचं बिल निघतं. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, तेव्हा ही क्वेरी अडली की शेतकऱ्याचे पैसे अडतात. मागचा अख्खा हंगाम ती सुरळीत चालली होती. नवं गाळप सुरू झालं आणि पहिल्याच पंधरवड्याला संपता संपेना. सर्व्हर तोच, कोड तोच.

प्लॅन काढला, म्हणजे डेटाबेस उत्तर कुठल्या पायऱ्यांनी शोधतो ते बघितलं, तेव्हा कळलं. नव्या हंगामाची एकच ओळ मिळेल असा पोस्टग्रेसचा, म्हणजे आमच्या डेटाबेसचा, अंदाज होता, प्रत्यक्षात लाखांवर पावत्या होत्या. एका ओळीच्या हिशेबानं त्यानं नेस्टेड लूप निवडला, म्हणजे एका टेबलाच्या प्रत्येक ओळीसाठी दुसऱ्या टेबलात पुन्हा शोधायचं, आणि तोच लाखभर वेळा फिरत बसला. पावत्यांच्या टेबलात मागच्या कित्येक हंगामांचा डेटा आहे. पोस्टग्रेसची आपोआप चालणारी देखभाल, ऑटोव्हॅक्यूम, मूळ सेटिंगमध्ये टेबलाच्या साधारण १० टक्के ओळी बदलल्याशिवाय अंदाजासाठी लागणारी नवी आकडेवारी गोळा करत नाही, आणि एवढ्या मोठ्या टेबलात १० टक्के व्हायला बराच ऊस गाळावा लागतो. तोवर नवा हंगाम त्याच्या लेखी जवळजवळ नसतोच. त्या एका टेबलापुरतं हे प्रमाण १ टक्क्यावर आणलं, आकडेवारी लगेच गोळा करणारं ॲनालाइझ चालवलं आणि बिल निघालं.

पण मला जे खरं बोचलं ते वेगळंच. त्याच टेबलावर पूर्वी कुणीतरी एक इंडेक्स, म्हणजे ओळी पटकन शोधायची सूची, करून ठेवलेला होता. नावावरून काही कळत नव्हतं, आणि तो कशासाठी केला ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. हंगामात काट्यावर रात्रंदिवस गाड्या येतात. प्रत्येक पावतीला तो इंडेक्सही लिहावा लागतो, म्हणजे ओझं रोजचंच. तरी काढायची कुणाची छाती होत नव्हती, कारण काढला तर नक्की काय अडेल हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. कारण न लिहिता केलेली सुधारणा अशी मागं उरते, आणि पुढच्या माणसाला ती ना समजते ना काढता येते.

म्हणून माझा प्रोजेक्ट म्हणजे त्या क्वेरीचा केसपेपर. औषधाचं नाव आहे आणि आजार लिहिलेला नाही, असं त्यात चालत नाही. पहिली फाईल तक्रारीची: कोण, कधी, कुठल्या स्क्रीनवर अडलं, त्यांच्याच शब्दांत. मग मूळ क्वेरी, तीही खऱ्या किमतींसकट, म्हणजे अटींत घातलेलं हंगामाचं वर्ष, गाव असं सगळं. पोस्टग्रेसमध्ये चाललेल्या क्वेऱ्यांची नोंद ठेवणारं पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स या किमती पुसून त्यांच्या जागी नुसते क्रमांक ठेवतं, आणि आमचा सगळा आजार त्या किमतींतच होता. मागच्या हंगामाचं वर्ष घातलं असतं तर क्वेरी झटक्यात आली असती. त्यानंतर आधीचा आणि नंतरचा प्लॅन, एक्सप्लेन ॲनालाइझ बफर्ससह, म्हणजे क्वेरी खरंच चालवून प्रत्येक पायरीला किती वेळ लागला आणि किती डेटा वाचला ते दाखवणारा. बफर्स हवेतच, कारण दुसऱ्यांदा चालवताना डेटा मेमरीत आलेला असतो आणि नुसती वेळ बघितली तर काहीच न करता सुधारणा झाल्यासारखी वाटते. टेबलांची व्याख्या, ओळींचा अंदाज, बदललेली सेटिंग्ज आणि पोस्टग्रेसची आवृत्तीही तिथंच. सगळं गिटमध्ये, म्हणजे फायलींचे बदल जपणाऱ्या साधनात, साध्या मजकुरात, म्हणजे दोन प्लॅन शेजारी लावून फरक बघता येतो.

आणि भावा, सगळ्यात मोलाची फाईल फसलेल्या उपायांची. हंगाम आणि तारखेवर नवा इंडेक्स करून बघितला, फरक पडला नाही, कारण मुळात अंदाजच चुकलेला होता. नेस्टेड लूप सेशनपुरता बंद केला तर क्वेरी पळाली, पण ते निदान झालं, उपाय नव्हे. तसंच ठेवलं असतं तर दुसऱ्या दहा क्वेऱ्या बिघडल्या असत्या. गाव आणि गट एकमेकांशी बांधलेले, गाव कळलं की गट ठरलाच. पोस्टग्रेस मात्र दोन्ही अटी स्वतंत्र धरून गुणाकार करतो आणि अंदाज आणखी खाली येतो. त्यासाठी रकान्यांमधला असा संबंध नोंदवणारी, आवृत्ती १० पासून मिळणारी क्रिएट स्टॅटिस्टिक्सची सोय वापरून बघितली. अंदाज थोडा सुधारला, तेवढ्यानं भागलं नाही. हे लिहिलेलं नसेल तर पुढच्या हंगामात दुसरा कुणीतरी याच वाटा पुन्हा तुडवणार.

तुझ्याकडं मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर डेटाबेस आहे आणि २०१६ पासून त्यात क्वेरी स्टोअर आहे, ते जुने प्लॅन जपतं, हे मान्य. ते जरूर चालू ठेव. पण कुठला प्लॅन कधी आला आणि कसा चालला एवढंच ते सांगेल. तू तो का बदललास आणि कुठल्या परिस्थितीत तुझा निर्णय खोटा ठरेल, हे तुलाच लिहावं लागणार. मी प्रत्येक प्रोजेक्टात शेवटी एक ओळ लिहितोच: हा उपाय कधी तपासायचा. ऊसबिलाच्या प्रोजेक्टात लिहिलंय, ‘हंगामनिहाय पार्टिशन केलं तर पुन्हा बघणे,’ म्हणजे प्रत्येक हंगामाच्या पावत्या टेबलाच्या वेगळ्या भागात टाकल्या तर.

प्रोजेक्टला नाव कामाचं दे, तारखेचं नको. ‘ऊसबिल पंधरवडा’ म्हटलं की दोन वर्षांनीही सापडतं. आणि एक कळकळीनं सांगतो, किमती जपताना सभासदांची नावं आणि बँक खाती आत जाऊ देऊ नकोस, त्याऐवजी बनावट क्रमांक घाल. लोकांचा पैशाचा व्यवहार आहे तो.

तुझ्या त्या स्टॉक रिपोर्टपासूनच सुरुवात कर. क्वेरी आणि आत्ताचा प्लॅन मला पाठव, पण काही बदलायच्या आधीचा पाठव. डेटा बदलणारी अपडेट किंवा डिलीट क्वेरी असेल तर एक्सप्लेन ॲनालाइझ ती खरोखरच चालवतं, तेव्हा ट्रान्झॅक्शनमध्ये चालवून रोलबॅक कर, म्हणजे झालेला बदल मागं फिरेल. रविवारी मी मोकळा आहे, प्लॅन आला की बसून बघतो आणि फोन करतो.

काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
कोल्हापूरचा मित्र