फ्लॅट, रो हाऊस की प्लॉट: नुसत्या दराने तुलना नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा जवळ आला की मालमत्तेच्या पुरवण्या जाड होतात आणि 'फ्लॅटच्या किमतीत रो हाऊस' ही ओळ पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिकच्या प्रत्येक जाहिरातीत दिसू लागते. शेजारी दर छापलेला असतो: चौरस फुटाला इतके. वाचक फ्लॅटचा दर आणि रो हाऊसचा दर शेजारी-शेजारी ठेवतो आणि स्वस्त काय ते ठरवतो. मूल्यांकनाचे काम करणाऱ्याला या हिशेबाची धास्ती वाटते, कारण दोन्हीकडचा 'चौरस फूट' हा एकच फूट नसतो.

फ्लॅटचा फूट आता बऱ्यापैकी पक्का झाला आहे. २०१६ च्या रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्यात कार्पेटची, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेची, व्याख्या आहे. बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची वगळायची. घरातल्या आतल्या भिंती धरायच्या. रो हाऊस मात्र अजूनही बांधकामावर, म्हणजे भिंतीच्या बाहेरून बाहेर मापून विकले जाते. बाहेरून २० बाय ३० फुटांचे दोन मजली घर घ्या. जाहिरातीत ते १,२०० फूट. भिंती नऊ इंची असतील तर आत १८.५ बाय २८.५ उरतात, म्हणजे मजल्याला ५२७ फूट आणि दोन मजल्यांचे १,०५४. सहा इंची ब्लॉकच्या भिंती असतील तर मजल्यामागे २४ फूट वाचतात, इतकेच.

आता जिना. दहा फूट उंची चढायला पावणेसात इंचांचे १८ टप्पे लागतात. दुहेरी वळणाचा जिना केला तर एका फेरीत नऊ टप्पे आणि दहा इंचांच्या आठ पायऱ्या येतात. त्या झाल्या ६ फूट ८ इंच. त्यात तीन फुटांचे लँडिंग मिळवा. रुंदी तीन अधिक तीन आणि मधला कठडा तीन इंच. हा जिन्याचा चौकोन साधारण ६० चौरस फुटांचा होतो आणि तो खाली व वर दोन्हीकडे जागा खातो. १,०५४ मधून १२० गेले, उरले ९३५ च्या आसपास. म्हणजे १,२०० च्या या रो हाऊसची गाठ ९३५ कार्पेटच्या फ्लॅटशी घालायची, १,२०० 'सेलेबल'च्या (सामाईक जागेचा वाटा मिळवून सांगितलेल्या) फ्लॅटशीही नाही आणि १,२०० कार्पेटच्या तर नाहीच. रेराची व्याख्या घरातला जिना वगळत नाही, त्यामुळे रो हाऊसचे रेरा कार्पेट दिले असले तरी जिना आपणच वजा करायचा. जिना अरुंद करून जागा वाचवणाऱ्यांनी वरच्या मजल्यावर कपाट आणि पलंग कसे चढणार, हेही बघावे. अडीच फुटांच्या जिन्यात गोदरेजचे कपाट वळत नाही, मग ते दोरखंडाने गॅलरीतून ओढावे लागते.

क्षेत्रफळाइतकेच रुंदीला महत्त्व आहे आणि त्याबद्दल कुणी विचारत नाही. पंधरा फुटी रो हाऊसमध्ये सामाईक भिंतींच्या आत सव्वाचौदा फूट मिळतात. त्यातले सव्वासहा जिन्याला आणि शिवाय जिन्याच्या भिंतीची जाडी गेली की शेजारी साडेसात फुटांची पट्टी उरते. हॉल म्हणून तीच दाखवतात. खिडक्या फक्त पुढे आणि मागे, म्हणून मधल्या खोलीत दिवसाही दिवा लागतो. डक्ट (उजेड-वारा आणि पाइपांसाठीची उभी मोकळी जागा) ठेवलेला असेल तर तो चार बाय चारपेक्षा लहान नसावा आणि तळाशी जायला दार असावे. नाहीतर त्यात तुटलेला पाइप दुरुस्त करायला कुणी उतरू शकत नाही. अठरा फुटांखालचे रो हाऊस घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तसेच पुढचे मार्जिन, म्हणजे घर ते फाटक यांतली मोकळी जागा, दहाच फूट असेल तर गाडीचा विचार करा: चार मीटरच्या आतली म्हणवणारी छोटी गाडीसुद्धा तेरा फुटांची असते. ती आडवी लावता येत नसेल तर फाटकाबाहेर तीन फूट रस्त्यावर राहणार. 'स्वतःचे पार्किंग' हा शब्द टेपने मापून घ्यावा.

आणखी एक गोष्ट ग्राहकाला फार उशिरा कळते. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा घरे आठपेक्षा जास्त नसतील तर प्रकल्पाची रेरात नोंदणी बंधनकारक नाही. सहा रो हाऊसची किंवा चार ट्विन बंगल्यांची योजना बहुतेक वेळा या फटीत बसते. तिथे महारेराच्या संकेतस्थळावर मंजूर नकाशा, कराराचा मसुदा, तिमाही प्रगती यांपैकी काहीच सापडत नाही. मग महापालिकेने किंवा पीएमआरडीएने (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) मंजूर केलेला नकाशा, जोते तपासणीचा दाखला आणि भोगवटा प्रमाणपत्र हे कागद स्वतः मागून वकिलाला दाखवावे लागतात.

रो हाऊसमध्ये तक्रारी कुठून येतात ते ठरलेले आहे. पहिली जागा म्हणजे दोन घरांच्या गच्च्या जिथे मिळतात ती रेघ. शेजाऱ्याने वर एक खोली चढवली की नव्या भिंतीचा गिलावा आणि आपला जुना ब्रिकबॅट कोबा (गच्चीवरचा विटांच्या तुकड्यांचा जलरोधक थर) यांच्यात केसाएवढी फट पडते. पहिल्याच पावसाळ्यात पाणी त्या फटीतून सामाईक भिंतीत उतरते आणि खालच्या मजल्यावर पलंगामागे ओलीचा पट्टा दिसतो. आपण आपल्या गच्चीवर कितीही रसायने ओतली तरी ते थांबत नाही, कारण दुरुस्ती शेजाऱ्याच्या बाजूने, दोन्ही पृष्ठभाग धरून गोलाई घेऊन करावी लागते. ती त्याने करू द्यावी असे खरेदीखतात कुठेही लिहिलेले नसते, पण लिहून घेता येते. सामाईक भिंतीला खाच मारायची नाही, तिच्यावर मोरी घ्यायची नाही, दुरुस्तीसाठी एकमेकांना प्रवेश द्यायचा, एवढ्या तीन ओळी पुरतात.

दुसरी जागा मागची ड्रेनेज लाइन. ती ओळीतल्या सगळ्या घरांच्या मागच्या मार्जिनमधून जाते. कुणीतरी पत्रे टाकून मागे स्वयंपाकघर वाढवतो आणि चेंबरवर लादी बसवतो. लाइन तुंबते त्याच्या घरात, मैला वर येतो वरच्या अंगाच्या घरात. मार्जिनमधले असे वाढीव बांधकाम मूल्यांकनात धरले जात नाही आणि कर्ज देताना बँक त्याकडे बोट दाखवते. जुने रो हाऊस घेताना सगळे चेंबर उघडून बघावेत. पाचपैकी दोन चेंबर सापडत नसतील तर ते कुणाच्या तरी ओट्याखाली आहेत.

पाण्याचा प्रश्न शहराच्या कडेला सगळ्यांनाच आहे, पण तो सोसायटीत वाटला जातो आणि स्वतंत्र घरात एकट्यावर येतो. माणशी १३५ लिटर धरले तर पाच जणांना रोज ६७५ लिटर लागतात. चार बाय चार फुटांची, साडेतीन फूट पाणी मावणारी टाकी दीड हजार लिटरची होते, म्हणजे दोन दिवसांची सोय. टँकर मात्र दहा हजार लिटरचा येतो आणि अर्धा टँकर कुणी देत नाही. तो पूर्ण उतरवून घ्यायला आठ बाय आठ फुटांची, साडेपाच फूट खोल टाकी हवी. ती घर बांधतानाच पार्किंगखाली होते. नंतर पायाजवळ खणायला कुणी शहाणा इंजिनीअर परवानगी देत नाही.

'रो हाऊसला मेंटेनन्स नाही' हे वाक्य तर बंदच व्हायला हवे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधी आणि पाव टक्का सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीची शिल्लक) सांगितला आहे. मिळून एक टक्का. १,२०० फुटांचे बांधकाम फुटाला दोन हजार धरले तर २४ लाखांचे, म्हणून वर्षाला २४ हजार. घर तेच, सिमेंट तेच, पाऊसही तोच. सोसायटी हे पैसे आपल्याकडून घेते. रो हाऊसवाल्याने ते स्वतः बाजूला टाकले नाहीत तर बारा-पंधरा वर्षांनी गच्चीचा कोबा, बाहेरचा रंग आणि पाइप एकदम अंगावर येतात. शिवाय अंतर्गत रस्ते, दिवे, बाग यांचे सामाईक काम राहतेच. संस्था नोंदवून लेआउटचे अभिहस्तांतरण (जमिनीची मालकी संस्थेच्या नावे करणे) झालेले नसेल तर तो रस्ता कागदोपत्री बिल्डरचाच असतो.

किमतीकडे वळू. जमीन वाढते, बांधकाम घटते, हे सगळे जाणतात. आरसीसी घराचे आयुष्य ६० वर्षे आणि शेवटी दहा टक्के अवशिष्ट किंमत धरली तर बांधकाम वर्षाला दीड टक्क्याने उतरते. तीस वर्षांनी ५५ टक्के उरते. एका एकरात १२० फ्लॅट असतील तर फ्लॅटमागे ३६३ फूट जमीन येते. रो हाऊसखाली हजार फूट असते. इथवर रो हाऊसची बाजू भक्कम आहे. पण त्या जमिनीवर पुढे किती बांधता येईल हे रस्ता ठरवतो. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार (२०२०) दाट वस्तीचा भाग सोडला तर नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मूळ एफएसआय (जमिनीच्या किती पट बांधता येते तो आकडा) १.१० मिळतो, त्यावर टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकाम हक्क) किंवा प्रीमियम (शुल्क भरून मिळणारा जादा) एफएसआय नाही. रो हाऊसचे अंतर्गत रस्ते बहुधा सहा मीटरचे असतात. शिवाय एफएसआय संपूर्ण लेआउटवर मोजून बिल्डरने तो शेवटच्या ओळीतल्या इमारतीत वापरून टाकलेला असू शकतो. 'वर मजला चढवता येईल' या आश्वासनाला दोनच पुरावे चालतात: शिल्लक एफएसआय दाखवणारा मंजूर नकाशा, आणि फुटिंग (खांबांचा पाया) किती मजल्यांसाठी काढले आहे ते सांगणारा स्ट्रक्चरल नकाशा.

उलट बारा किंवा अठरा मीटर रस्त्यावरची, १९९० च्या आसपासची चार मजली सोसायटी बाहेरून कितीही कळकट दिसो, तिच्यातला फ्लॅट पुनर्विकासाच्या दृष्टीने चांगला माल असतो. अभिहस्तांतरण झाले आहे का, एवढे आधी पाहावे. तेवीस मजली नव्या टॉवरने मात्र आपला एफएसआय आजच खाल्लेला असतो. चाळीस वर्षांनी तिथे नव्या विकसकाला देण्यासारखे काय उरेल, याचे उत्तर आज कुणाकडे नाही. टॉवरमधला फ्लॅट राहण्यासाठी जरूर घ्यावा, फक्त 'जमिनीत गुंतवणूक' म्हणून घेऊ नये.

प्लॉट घेऊन घर बांधणाऱ्यांसाठी थोडे. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. शहरालगत दहा-अकरा जणांच्या नावे एकच खरेदीखत करून गुंठे विकले जातात; सातबाऱ्यावर सगळे सामाईक. सरकारने तुकड्यांना वेळोवेळी सवलती दिल्या, पण त्यातून मंजूर लेआउट आपोआप तयार होत नाही आणि त्याशिवाय बांधकाम परवाना व कर्ज दोन्ही अडतात. बिनशेती, मंजूर लेआउटमधला, मोजणीची क-प्रत (सरकारी मोजणीचा नकाशा) असलेला प्लॉटच घ्यावा. टोकन देण्याआधी एका कोपऱ्यात खड्डा घेऊन बघावा. काळी माती सहा-सात फूट असेल तर पाया तिच्याखाली मुरमापर्यंत न्यावा लागतो आणि अंदाजपत्रक तिथेच मोडते. १,२०० फुटांना सिमेंटची साधारण ४८० पोती आणि चार-साडेचार टन सळई लागते. ठेकेदाराच्या दरात कंपाउंड, जमिनीखालची टाकी, भराव आणि वीज जोडणी बहुधा नसते.

खर्चाच्या बाबतीत प्लॉटची एक बाजू जाहिरातदार सांगत नाहीत. पुण्यात ७० लाखांच्या फ्लॅटवर सात टक्के मुद्रांक म्हणजे ४ लाख ९० हजार, नोंदणी ३० हजार आणि बांधकाम चालू असेल तर पाच टक्के जीएसटीचे साडेतीन लाख. (खरेदी फक्त बाईच्या नावे असेल तर मुद्रांकात एक टक्का सूट.) बँक ८० टक्के कर्ज देते आणि त्यात मुद्रांक, नोंदणी धरत नाही, म्हणजे जीएसटी सोडूनही १९ लाख २० हजार रोख जवळ हवेत. ४० लाखांचा प्लॉट आणि ३० लाखांचे बांधकाम केले तर मुद्रांक फक्त ४० लाखांवर, २ लाख ८० हजार. मात्र मालासकट ठेका दिला तर त्यावर १८ टक्के जीएसटी बसतो. एका स्वतंत्र घराचा निव्वळ मजुरीचा ठेका करमुक्त आहे, पण माल आपण आणायचा आणि रोज साइटवर उभे राहायचे. ज्याला ते जमणार नाही त्याने या वाटेला जाऊ नये.

घरात सत्तरीचे कुणी असेल आणि तळमजल्यावर झोपायची खोली व अडीच फूट दाराचे संडास-न्हाणीघर नसेल, तर रो हाऊसचे बाकी सगळे गुण बाजूला ठेवून लिफ्टचा फ्लॅट घ्यावा. दोन कमावते आणि दिवसभर घर बंद, त्यांनाही फ्लॅटच बरा. मुले लहान, वीस वर्षे हलायचे नाही आणि दुरुस्तीचा कंटाळा नाही, अशा कुटुंबाने अठरा फुटी रो हाऊस शोधावे.

आपल्या पुरवणीला एक विनंती आहे. घराच्या जाहिरातीत दराशेजारी आणखी तीन आकडे छापण्याची अट घाला: जिना वजा करून कार्पेट, खरेदीदाराच्या वाट्याची जमीन, आणि समोरच्या रस्त्याची रुंदी मीटरमध्ये. पाव ओळ लागेल. ज्यांना ती महाग वाटेल, त्यांच्या प्रकल्पाबद्दल वाचक स्वतःच चौकशी करतील.

आपला,
एक स्थापत्य अभियंता व मूल्यांकनकार, पुणे