आधी निघायचं कसं ते बघ

नाशिक,
कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी

चि. अद्वैत यास,
अनेक आशीर्वाद.

मित्रांबरोबर शिडाच्या बोटीने मुंबई ते कोची जायचं म्हणतोस, त्याची तुझी मुक्कामांची यादी मिळाली. यादी देखणी आहे. प्रत्येक नावापुढे किनाऱ्याचा फोटो, खानावळ, सूर्यास्त कुठून चांगला दिसेल, सगळं आहे. पाण्याची खोली, समुद्राचा तळ, वारा आणि भरतीची वेळ तेवढी एकाही नावापुढे नाही. देवगडच्या धक्क्यावर वाढलेली आणि नंतर जन्मभर पोरांना भूगोल शिकवलेली बाई ही यादी बघून गप्प बसेल, असं तुला वाटलंच कसं?

तुझे आजोबा मचव्यावर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, होते हे तुला माहीत आहे. नव्या बंदराचं कुणी कितीही कौतुक केलं तरी त्यांचा प्रश्न एकच असायचा, "वारो फिरलो तर भायर खयसून पडतलंस?" तुझ्या यादीतल्या प्रत्येक नावाला मी हाच प्रश्न विचारला. रात्री दोन वाजता, अंधारात, झोपेतून उठून, तिथून बाहेर पडता येईल का? येत नसेल तर आतच सुखरूप राहता येईल, इतकी ती जागा बंदिस्त आहे का? दोन्हीपैकी एकालाही 'हो' म्हणता येत नसेल तर ती जागा दुपारच्या जेवणापुरती. मुक्कामाला नाही.

मरिनाचं आधी उरकते, कारण त्यात सांगण्यासारखं थोडं आहे. मुंबई सोडलीस की कोकणात पाँटूनला, म्हणजे तरंगत्या धक्क्याला, बोट बांधून वीज-पाण्याची जोडणी मिळेल अशी मरिना नाही. तुझ्या वाटेवरची खरी मरिना थेट कोचीला, बोल्गट्टी बेटावर, केरळ पर्यटन विकास महामंडळाची. तिथे पोचायच्या कितीतरी आधी फोन करून जागा विचार, आणि प्रवेशाच्या वाटेत पूर्ण ओहोटीला किती मीटर पाणी असतं तेही. भाडं नंतर. तुझ्या बोटीची कील, म्हणजे बुडाचा कणा, पाण्यात 1.7 मीटर खाली जाते म्हणालास, म्हणून दोन मीटर पाणी ऐकून खूश होऊ नकोस. एखादी लाट आली की तेवढं अंतर संपतं. मरिनाचा उपयोग मला विचारशील तर दुरुस्ती, गोडं पाणी, डिझेल आणि बोट कुलूपबंद ठेवून चार दिवस रेल्वेने घरी येणं, एवढ्यासाठी. रोज संध्याकाळी मरिना हवी असेल तर हा किनारा तुझ्यासाठी नाही.

मग दगडी धक्के. ते दिसतात सोयीचे, पण पहाटे तिथे मासळी उतरते आणि तुझी बोट मध्ये आली तर शिव्या खाशील, त्याही रास्त. शिवाय पाँटून पाण्याबरोबर वर-खाली होतं, धक्का होत नाही. मुंबईच्या आसपास उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं. दोर आखूड बांधून जेवायला गेलास, तर परत येईपर्यंत बोट दोरांना लटकलेली असेल. धक्क्याला चिकटलेली कालवं दोर आणि बोटीचा रंग दोन्ही कापतात ते वेगळंच. गंगापूर धरणावर शीड शिकलास तिथे सकाळी जिथे पाणी तिथेच संध्याकाळी. समुद्राला ही शिस्त नाही, पण त्याची स्वतःची शिस्त आहे आणि ती भिंतीवरच्या कालनिर्णयात दिसते.

आता तेच. तिथीची पाऊणपट केली की मुंबईकडच्या पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. दक्षिणेला जाशील तशी भरती थोडी आधी येते, म्हणून छापील कोष्टक जवळ हवंच. पण कोष्टकातला आकडा चुकीच्या महिन्यातून उचलला असेल तर हे पाऊणपटीचं गणित लगेच पकडून देतं. तू भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी निघणार म्हणतोस. म्हणजे अमावास्येचं उधाण अजून पुरतं उतरलेलं नाही आणि भरती दुपारी सव्वादोनच्या सुमारास. दिवसभर चालून सूर्यास्ताला खाडीच्या तोंडाशी पोचशील तेव्हा पाणी वेगाने बाहेर पडत असेल. ओहोटी बाहेर, समुद्राच्या लाटा आत. बारवर, म्हणजे खाडीच्या तोंडाशी साचलेल्या वाळूच्या उंचवट्यावर, दोन्हींची गाठ पडली की लाटा फुटतात आणि तिथेच पाणीही सगळ्यात कमी असतं. बार ओलांडायचा तो चढत्या पाण्यात, भरती पूर्ण व्हायच्या तासभर आधी. तळ लागलाच तर वाढतं पाणी बोट उचलून देतं. उतरत्या पाण्यात लागला तर पुढची भरती येईपर्यंत तिरका होऊन बसशील.

म्हणून दोन दिवस थांब आणि पांडवपंचमीला नीघ. पहाटे मुंबईतून निघताना ओहोटी तुला बाहेर काढेल, आणि मुरूडजवळ पोचशील तेव्हा दुपारचं पाणी चढतं असेल. पुढचे तीन दिवस भरती साडेचार, सव्वापाच, सहा अशी सरकत जाईल. बार असलेल्या खाड्या या दिवसांत उरकून घे. दशमीपासून भरती अंधारात जाते, तोवर तू अशा भागात असशील जिथे भरतीसाठी ताटकळावं लागत नाही.

अंतरं नकाशावर फूटपट्टी ठेवून काढलीस असं दिसतं. कोकणचा किनारा जवळजवळ उत्तर-दक्षिण आहे आणि अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल. मुंबई 18 अंश 55 मिनिटं, मुरूड 18 अंश 18. वजाबाकी कर, 37 मैल. मुरूड ते हर्णै तीसच्या आत. ताशी पाच मैल धरलेस तर मुरूडला दुपारी दोनपर्यंत पोचतोस.

आता जागांबद्दल. मुरूडला तू जंजिऱ्यासमोर नांगर टाकायचं लिहिलंयस. फोटो छान येईल, पण रात्रभर बोट डोलेल. किल्ल्याला वळसा घालून राजपुरीच्या खाडीत आत, दिघी-आगरदांड्याकडे जा. मोठ्या जहाजांची आणि फेरीबोटींची वाट सोडून थांब.

हर्णै मला मुक्कामाला पसंत नाही. सुवर्णदुर्गाच्या आडोशाला मच्छीमार थांबतात हे खरं, पण जागा उथळ, बोटींची दाटी, आणि वायव्येकडून लाट आली की आडोसा पुरा पडत नाही. लिलाव बघायचा असेल तर दुपारी थांब, मासळी घे आणि पुढे हो. दाभोळला वाशिष्ठीच्या तोंडावर बार आहे. सप्तमीच्या संध्याकाळी चढत्या पाण्यात आत घे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भरती पूर्ण होऊन पाणी स्थिर असतानाच बाहेर पड. चहा बाहेर गेल्यावर प्या.

जयगडला शास्त्री नदीचं तोंड रुंद आणि खोल. मोठी जहाजं येतात, वीज प्रकल्पाची चिमणी लांबून दिसते, चुकायची भीती नाही. तवसाळच्या फेरीची वाट मात्र अडवू नकोस. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात शिडाच्या बोटीने घुसू नये, इतकी ट्रॉलरची गर्दी असते.

विजयदुर्ग तू गाळलास. का? पश्चिम किनाऱ्यावर इतकं चांगलं नैसर्गिक बंदर शोधून सापडायचं नाही. वाघोटन खाडीच्या तोंडाला बार नाही आणि समुद्राकडून किल्ला आडवा उभा. दशमीचा मुक्काम तिथेच कर. फक्त किल्ल्याच्या पश्चिम अंगाला लगटून जाऊ नकोस, तिथे पाण्याखाली जुनी बांधलेली भिंत आहे. गलबतं फसावीत म्हणूनच ती बांधली असं म्हणतात, आणि ती अजून आहे.

देवगडबद्दल मी निःपक्षपाती असू शकत नाही, तरी ऐक. टेकडीवरच्या पवनचक्क्या दिसल्या की आलंच. आत वळलास की चारी बाजूंनी जमीन. हवामान बिघडलं की गुजरातपासून कर्नाटकापर्यंतच्या शेकडो नौका तिथे आसऱ्याला येतात, दरवर्षी बातमी असते. पण यातली खोच लक्षात घे. शेकडो नौका आल्यावर शेवटी येणाऱ्याला नांगर टाकायला आणि बोट फिरायला जागा राहत नाही. म्हणून वादळाचा इशारा ऐकून देवगड गाठायचं ठरवलंस तर ट्रॉलर परतू लागायच्या आधी गाठ. नोव्हेंबर म्हणजे सगळं शांत असं समजू नकोस. फयान वादळ 2009 च्या नोव्हेंबरातच आलं होतं आणि कोकणातल्या कितीतरी घरांतली माणसं परतली नाहीत. हवामान खात्याचा अंदाज सकाळ-संध्याकाळ बघायचाच.

मालवणला स्वतःच्या हिमतीवर आत शिरायचं नाही. सिंधुदुर्गाभोवती खडकच खडक आहेत आणि मोकळी वाट अरुंद. महाराजांनी जागा निवडली ती शत्रूला आत येता येऊ नये म्हणून, आणि या बाबतीत तू शत्रूच. तिथला एखादा तांडेल पैसे देऊन बोटीवर घे. तिथे सागरी अभयारण्य आहे, 1987 पासून. पाण्याखाली पोवळी आहेत, त्यांच्यावर नांगर पडला तर तेवढा तुकडा मेला. वेंगुर्ला उघडं बंदर, दिवसाच ठीक. गोव्यात मांडवीचा बारही चढत्या पाण्यातच ओलांडायचा, आणि आत कॅसिनोच्या बोटींपासून लांब राहायचं.

रात्रीच्या वाऱ्याचं वेगळं सांगते, कारण तुझे मित्र यातच फसतील. दुपारी खारा वारा वायव्येकडून. नांगर टाकलास की बोटीचं तोंड समुद्राकडे, पिछाडी किनाऱ्याकडे. मध्यरात्रीनंतर जमीन थंड झाली की मतलई वारा पूर्वेकडून सुटतो आणि बोट उलटी फिरते. नांगरावरचा ओढ उलटा होतो, रुतलेला नांगर सुटू शकतो. समुद्राची लाट मात्र पश्चिमेकडूनच येत राहते, ती आता दुसऱ्याच अंगाने बसते. म्हणून संध्याकाळी जागा बघताना बोट नांगराभोवती पूर्ण गोल फिरली तर कुठे कुठे पोचेल ते बघ. त्या गोलात खडक, डोलीच्या जाळ्याचा खुंट किंवा दुसऱ्याची बोट नको. खाडीत वाऱ्याऐवजी भरती-ओहोटीचा प्रवाह हेच करतो, दिवसातून चार वेळा.

साखळी किती सोडायची याचा हिशेब भरतीच्या पाण्यावर कर. ओहोटीला तीन मीटर, वर तीन मीटर भरती, बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, पाण्यापासून एक मीटर वर, झाले सात. त्याच्या पाचपट, पस्तीस मीटर साखळी. ओहोटी बघून वीसच मीटर सोडलीस तर भरतीला ती तिपटीलाही पुरत नाही आणि नांगर आडवा खेचला जाण्याऐवजी वर उचलला जातो. साखळीऐवजी दोर असेल तर सातपट. तळ कसला आहे तेही नकाशात लिहिलेलं असतं: एम म्हणजे चिखल, एस वाळू, आर खडक. खाड्यांतला चिखल नांगर चांगला धरतो. खडकावर नांगर एकतर लागत नाही, नाहीतर असा अडकतो की निघत नाही.

नकाशे डेहराडूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचे घे आणि मोजणी कोणत्या वर्षीची ते कोपऱ्यात वाच. खाडीच्या तोंडावरची वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते, नकाशा बदलत नाही. बाहेर पडणाऱ्या मच्छीमाराला हाक मारून विचार. काका म्हणून विचारलंस तर पुढे होऊन वाटही दाखवेल.

नांगर टाकल्यावर इंजिन उलटं चालवून ओढून बघ. किनाऱ्यावरच्या दोन वस्तू, देवळाचा कळस आणि मागचा मोबाइल टॉवर म्हण, एका रेषेत धर. वारा तोच असताना रेषा मोडली तर नांगर घसरतोय. रात्री चहूबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा लावायचाच. बॅटरी वाचवायला तो विझवणारा मित्र बोटीवर असेल तर त्याला आत्ताच रेल्वेचं तिकीट काढून दे.

प्रत्येक बंदरात बंदर निरीक्षकाला भेट, बोटीची आणि सगळ्यांची कागदपत्रं वरच्या कप्प्यात ठेव. सागरी पोलीस विचारायला आले तर हुज्जत घालू नकोस, त्यांचं काम आहे.

आता तू नवी यादी पाठव. प्रत्येक नावापुढे तिथी, भरतीची वेळ, ओहोटीची खोली, तळ, आणि वारा फिरला तर कुठे जाणार ते दुसरं नाव. त्यातली एक प्रत मी फ्रिजवर लावणार आहे. नांगर धरला की रोज एक मेसेज, जागेच्या नावासकट. नेटवर्क नसेल तिथे आधीच तसं सांगून ठेव. रात्री आठपर्यंत वाट बघेन. त्यानंतर तुझे बाबा "थांब जरा" म्हणतील, त्यांचं ऐकणार नाही, तटरक्षक दलाला 1554 वर फोन करीन.

तुझी,
आई