बांध फुटला नव्हता, आजी

प्रिय आजी,

तुम्ही माझ्या शेजारच्या आजी, पण तुमच्यासमोर मोडक्यातोडक्या जपानीत ‘अरिगातो’, म्हणजे धन्यवाद, एवढंच बोलता आलं. मनातलं नीट येतं ते मराठीतच, म्हणून हे पत्र मराठीत.

१२ ऑक्टोबर २०१९. हागिबिस टायफून संध्याकाळी इझू द्वीपकल्पावर धडकणार होतं. रेल्वेगाड्या बंद, नवरा ओसाकात अडकलेला, आणि मी आठ महिन्यांच्या लेकीला घेऊन टोकियोजवळच्या कावासाकीत, तामा नदीजवळ, तळमजल्यावर. तुम्ही आदल्या दिवशी बजावलंत म्हणून बाथटब पाण्याने भरला होता, दारातल्या कुंड्या आत घेतल्या होत्या. झाली तयारी, असं मला वाटत होतं.

दुपारी तुम्ही दार वाजवलंत. ‘चल.’ मी म्हटलं, बांध तर एवढा उंच आहे! तेव्हा तुम्ही १९७४ सालचं सांगितलंत. पलीकडच्या काठावर कोमाएत बांध फुटून १९ घरं नदीत गेली होती. ती कोसळताना तुम्ही या काठावरून पाहिली होती.

मी गमबूट चढवले, ते तुम्ही काढायला लावलेत. आत पाणी भरलं की पाऊल उचलत नाही, नाडीचे बूट घाल. मग लेक माझ्या पोटाशी आणि तुम्ही पुढे, मिटलेल्या छत्रीने रस्ता चाचपत. साचलेल्या पाण्याखाली उघडं मॅनहोल दिसत नाही, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

निवाऱ्यासाठी उघडलेल्या शाळेत पोचलो तेव्हा अजून उजेड होता. साडेसहाच्या सुमारास त्यात भर म्हणून भूकंपाचा धक्काही बसला. तुम्ही लेकीवर ओणव्या झालात. ती जागीसुद्धा झाली नाही.

त्या दिवशी हाकोने या डोंगराळ गावात ९२२.५ मिलीमीटर पाऊस पडला. जपानच्या हवामान खात्याने एका दिवसाचा एवढा पाऊस त्याआधी कधी नोंदला नव्हता. आणि आमच्याकडचा बांध फुटलाच नाही! पावसाचं पाणी नदीत सोडणाऱ्या नळांतूनच चढलेली नदी उलटी शहरात शिरली. कावासाकीतल्याच मुसाशी-कोसुगी भागात एका ४७ मजली इमारतीचं तळघर बुडून वीज गेली, लिफ्ट आणि पाणी बंद पडलं. आमच्या भिंतीवर गाळाची रेघ माझ्या गुडघ्याच्या वर होती. लेकीचं अंथरूण जमिनीवरच असायचं, आजी. मी बांधाकडे बघत बसले असते आणि पाणी मागून आलं असतं.

तुमचं घर तिसऱ्या मजल्यावर. तुम्हाला त्या पावसात बाहेर पडायची गरजच नव्हती, हे माझ्या लक्षात यायला महिना गेला.

तुमची,
तळमजल्यावरची