रविवारची मीटिंग, टपाल सॉर्टिंगवाल्यांनी यायचंच

मंडळी नमस्कार, येत्या रविवारी सकाळी ११ वाजता नेहमीच्या हॉलवर मीटिंग आहे, विषय एकच, मशीन आल्यावर आपलं काय.

मुंबईत १९९३ ला टपाल छाटायची मशीनं लागली तेव्हा आपण म्हणत होतो इथवर कुठे येतंय, आणि आता १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट पण स्पीड पोस्टात गेलं, म्हणजे सॉर्टिंगची एक अख्खी ब्रँचच कमी झाली. परमनंटवाल्यांना कोणी घरी पाठवत नाही हो, पण रिटायर झालेल्याची खुर्ची रिकामीच राहते आणि रोजंदारीवाल्या पोरांना तर "उद्यापासून येऊ नको" एवढंच सांगतात, नोटीस नाही काही नाही, त्यामुळे त्यांना सोबत आणाच.

- बदलीच्या संमतीपत्रावर मीटिंगआधी कोणीही सही करू नका. वाचून दाखवतो, मग ठरवा.
- जॉइनिंग ऑर्डर आणि शेवटच्या बदलीची ऑर्डर, दोन्हीच्या झेरॉक्स आणा.
- नाइटवाल्यांनी ड्युटी बदलून घ्या, दांडी मारून येऊ नका, मेमो मिळाला की पुन्हा आपल्यालाच धावावं लागतं.
- कॉम्प्युटर ट्रेनिंगला कोण तयार आहे त्यांनी शनिवारपर्यंत इथे नाव टाका. पन्नाशीच्या पुढच्यांनी पण, लाजू नका.

येणार असाल तर नुसतं "येतो" लिहा, अंगठे नकोत, मोजता येत नाहीत.