एकाच फाटकातून २२ वर्षे

जळगाव,
आषाढ वद्य पंचमी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. २२ वर्षांत पाच कंपन्या करून तू आता सहावीच्या दारात उभा आहेस आणि मला विचारतोस की, एमआयडीसीतल्या एकाच ठिबकच्या कारखान्यात मी इतकी वर्षे कसा टिकलो, मला कंटाळा आला नाही का. आला होता. पहिल्या सात वर्षांनंतर मी राजीनामा लिहून खिशात घेऊन फिरत होतो, हे मी तुला कधी सांगितले नाही.

तेव्हा मी एक्सट्रूडरवर, म्हणजे प्लास्टिकची नळी काढणाऱ्या मशीनवर, शिफ्ट सुपरवायझर होतो. मृगबागेच्या केळीची लागवड जून-जुलैत होते, त्यामुळे लॅटरलची, म्हणजे झाडांच्या ओळीत अंथरायच्या ठिबकच्या नळीची, सगळी मागणी एप्रिल-मेमध्ये अंगावर येते. बाहेर ४४-४५ अंशांचा उन्हाळा, आत दाणे वितळवणारी मशीन आणि एकामागून एक दोन पाळ्या. ओव्हरटाइमचा दर दुप्पट, म्हणून मी नाही म्हणत नसे. आखाजी, आपली अक्षय्य तृतीया, नेमकी त्याच दिवसांत येते. बहीण माहेरी यायची, गावात निंबाला झोके बांधले जायचे, आणि मी वीस किलोमीटरवर असूनही लागोपाठ तीन आखाज्यांना घरी गेलो नाही. चौथ्या वर्षी मेहुण्यांना सुरतेत काम मिळाले आणि तिचे आखाजीला येणेच थांबले. त्या ओव्हरटाइमच्या पैशांचे मी काय केले, हे आज मला आठवत नाही. तिच्यासाठी आईने बाजूला काढून ठेवलेली सांजोऱ्यांची परात मात्र अजून डोळ्यांसमोर आहे.

राजीनामा देण्याआधी मी एकदा साहेबांकडे गेलो आणि मला मशीनवरून काढून गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत घ्यावे, अशी विनंती केली. ओव्हरटाइम गेला, हातात येणारी रक्कम चांगलीच घटली, आणि सौ.ने वर्षभर घरखर्च कसा जुळवला ते तिलाच ठाऊक. पण संध्याकाळी साडेपाचला मी फाटकाबाहेर पडू लागलो. ड्रिपरचा, म्हणजे नळीतून थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या तोंडाचा, प्रवाह मोजायचा, एकाच गठ्ठ्यातल्या नळ्यांत तो किती कमी-जास्त होतो ते नोंदवायचे. काम शांत होते, आणि सात वर्षे मी जी नळी केवळ मीटरच्या हिशेबाने काढत होतो, ती कशासाठी असते हे मला तिथे पहिल्यांदा कळले.

पुढे सहा वर्षांनी मी शेतावरच्या सेवेचे काम मागून घेतले, आणि मन खरे तिथेच रमले. यावल-रावेरच्या पट्ट्यात केळीच्या बागा फिरताना पाहिलेली एक गोष्ट सांगतो. एका शेतकऱ्याच्या बागेत नळीच्या शेवटाकडची झाडे पिवळी पडत होती आणि तो नळ्यांना दोष देत होता. मी त्याच्या बांधावर बसून ड्रिपर कापून पाहिले, तर आत क्षारांचा पांढरा थर होता. मग पाण्याचा सामू (पीएच) चारपर्यंत उतरेल इतके आम्ल सोडले, नळ्या चोवीस तास तशाच भरून ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी टोके उघडून फ्लश केल्या. पाणी शेवटच्या झाडापर्यंत पोचल्यावर त्या माणसाने माझा हात धरून म्हटले, "भाऊ, पुढच्या कांदेबागेलाही तूच ये." कांदेबाग म्हणजे पावसाळ्यानंतरची केळीची लागवड. तेव्हापासून मी दरवर्षी जातो. त्याच्या विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात जड होते, नळ्यांना पाणी पुरवणारी सबमेन पाइप कुठे पुरली आहे, मुलगा शेती करणार की नाही, हे सारे मला ठाऊक आहे. मित्रा, ही ओळख पगारपत्रकावर दिसत नाही आणि कंपनी बदलताना बरोबर नेता येत नाही. मी थांबलो तो हिच्यासाठी. एका नावाखाली मी तीन नोकऱ्या केल्या, असेही तू म्हणू शकशील.

याची किंमत पडली, हे लपवत नाही. आपल्या पॉलिटेक्निकच्या बॅचमधले पुण्याला गेलेले बहुतेक जण माझ्याहून बरेच अधिक कमावतात. आणि जिथे हक्काची रजा मागितली की तोंड वाकडे होते, तिथे टिकून राहा असे मी कोणालाही सांगणार नाही. पण तुझ्या पत्रात पगार आणि पद यांवर दोन पाने आहेत, आणि तू दिवसभर नेमके काय करतोस यावर एक ओळही नाही. सहावीचा होकार कळवण्याआधी, आहेस तिथेच दुसरे काम मागून पाहिलेस का? मागितले नसशील, तर या आठवड्यात माग.

एक व्यवहाराची गोष्ट. १९७२ च्या कायद्याने ग्रॅच्युइटीला ५ वर्षांच्या सलग सेवेची अट घातली, आणि तुझ्या आधीच्या चारही नोकऱ्या ती ५ वर्षे भरण्याआधीच सुटल्या. आताच्या ठिकाणी ती अट पुरी होण्यास किती महिने उरले आहेत ते मोज. पीएफच्या पेन्शनला लागणारी १० वर्षांची सेवा मात्र निरनिराळ्या कंपन्यांतली मिळून धरली जाते, तेव्हा जुन्या खात्यांतले पैसे काढून न घेता ते नव्या खात्यात वळवून घे.

नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे खानदेशाची देवी कानबाई बसते. माझी बहीणही या वर्षी सुरतेहून येणार आहे. तिच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू आई आत्तापासूनच निवडत बसली आहे. वहिनींना आणि मुलांना घेऊन शनिवारीच ये. सोमवारी विसर्जन झाल्यावर तुला रावेरच्या त्या बागेत नेईन, आणि राहिलेले तिथे बांधावर बसून बोलू.

तुझा,
जुना बाकसोबती