नवा जनरेटर घेण्याआधी सोसायटीच्या उत्सर्जनाचा हिशेब मांडण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापन समिती,
सहकारी गृहनिर्माण संस्था, मनीषनगर, नागपूर

विषय: वर्षभराच्या हरितगृह वायूंचा हिशेब सर्वसाधारण सभेपुढे ठेवणे आणि तोवर जनरेटर खरेदीचा निर्णय थांबवणे

मा. अध्यक्ष साहेब,
सप्रेम नमस्कार.

येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर मोठ्या क्षमतेचा नवा जनरेटर घेण्याचा विषय आहे. त्यावर हात वर होण्याआधी सभेपुढे आणखी एक कागद यावा, अशी माझी विनंती आहे. आपली सोसायटी वर्षाला किती हरितगृह वायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइडसारखे तापमान वाढवणारे वायू, हवेत सोडते, याचा तो कागद असेल. जमाखर्च आपण दरवर्षी पै न् पै तपासतो. हा हिशेब त्याहून अवघड नाही. लागणारे बहुतेक कागद ऑफिसच्या कपाटात पडलेले आहेत.

जगभर कंपन्या ज्या नियमावलीप्रमाणे हा हिशेब मांडतात, ती म्हणजे ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉल, 2001 साली आली. त्यात तीन खाती असतात: आपण स्वतः जाळतो ते इंधन आणि आपल्या यंत्रांतून गळणारा गॅस, विकत घेतलेली वीज, आणि आपल्यामुळे इतरत्र होणारं बाकी सगळं. सोसायटीला पहिल्या वर्षी पहिली दोन खाती आणि तिसऱ्यातला ओला कचरा एवढं पुरे.

मे महिन्याचं कॉमन मीटरचं बिल मी ऑफिसात पाहिलं. 3,120 युनिट. ग्रिडमधल्या एका युनिटमागे किती कार्बन डायऑक्साइड निघतो, ते केंद्रीय विद्युत प्राधिकरण जाहीर करतं. तो आकडा 0.7 किलोच्या आसपास आहे. म्हणजे लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे मिळून एका महिन्यात जवळपास 2.2 टन. कोराडी आणि खापरखेड्याची वीज केंद्रं आपल्या शहराच्या उशाला असली, तरी 2013 च्या अखेरीपासून सगळ्या देशाचं ग्रिड एकच आहे, त्यामुळे हिशेबाला देशाचीच सरासरी धरायची.

आता जनरेटर. वॉचमनच्या टेबलावर लाल पुठ्ठ्याचं लॉगबुक असतं. तारीख, चालू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, डिझेल किती टाकलं, अशा चार रकाने आखलेल्या पानांवर आपले वॉचमन रोज नोंद करतात, आणि ती फार नेटकी असते. मे महिन्याची बेरीज 140 लिटर होते. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे 2.68 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे 375 किलो. बहुतेक ओळींत वेळ वीस-पंचवीस मिनिटांचीच दिसते.

जनरेटर थोडाच वेळ आणि थोड्याच कामासाठी चालतो, नेमकी हीच गोष्ट समितीने बघावी असं मला कळकळीने वाटतं. लाइन गेल्यावर आपल्याला चालवायचं असतं ते दोन लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे. जनरेटर पुरेशा लोडवर चालला तर एका लिटरमधून तीन-साडेतीन युनिट मिळतात. तोच क्षमतेच्या तीस टक्क्यांखाली चालला, की युनिटमागे डिझेल जास्त जातं, इंजिनात काजळी धरते आणि दुरुस्तीचा खर्च वाढतो. आहे त्याच लोडला मोठा सेट लावला, तर तो बहुतांश वेळ अर्धपोटी चालेल. आधी सध्याच्या सेटला युनिट मीटर बसवून दोन महिने लोड मोजू या. मग क्षमता ठरवू. लिफ्टसाठी बॅटरीवर चालणारी, लाइन गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडणारी यंत्रणाही बाजारात मिळते. तिचंही कोटेशन मागवावं.

सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट एसीच्या गॅसची आहे. उन्हाळा लागला की प्रत्येक विंगमध्ये मेकॅनिक लहान सिलिंडर घेऊन फिरतात आणि “गॅस कमी झाला” म्हणून भरून जातात. एसीतला गॅस वापरून संपत नाही. तो कमी झाला म्हणजे कुठेतरी गळला. आर-410ए या गॅसचा एक किलो हवेत गेला, तर तापमानवाढीच्या मापात तो सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडएवढा भरतो, म्हणजे साधारण 3,000 युनिट विजेएवढा. आपल्या कॉमन मीटरचा अख्खा मे महिना एका किलोत! नव्या एसींत येणाऱ्या आर-32 चा आकडा याच्या तिसऱ्या हिश्शाइतका आहे, तोही काही कमी नाही. म्हणून माझी सूचना: सोसायटीने एक वार्षिक करार करावा. गळती शोधून जॉइंट दुरुस्त केल्याशिवाय गॅस भरायचा नाही, आणि एसी काढताना गॅस मोकळा न सोडता सिलिंडरमध्ये परत घ्यायचा, या दोन अटी त्यात लेखी असाव्यात.

याच अनुषंगाने आणखी एक. इमारतीचा दर्शनी भाग चांगला दिसावा म्हणून कूलरचे स्टँड काढण्याची नोटीस मार्चमध्ये लागली होती. ती कृपया मागे घ्यावी. आपल्याकडचा कोरडा उन्हाळा कूलरला मानवतो. कूलर साधारण दोनशे वॅट घेतो, दीड टनाचा एसी त्याच्या कितीतरी पट, आणि कूलरमध्ये गळायला गॅसच नसतो. पाणी लागतं, हे खरं. पण पहाटे टाकी भरून गच्चीवरून जे पाणी धो-धो वाहतं, ते टाकी भरताच पंप बंद करणारा फ्लोट स्विच बसवून थांबवलं तर पाणीही वाचेल आणि पंपाची वीजही. ज्यांना एसी परवडत नाही त्यांच्याकडून नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, कूलर काढून घेणं मला न्यायाचं वाटत नाही.

ओल्या कचऱ्याबद्दल थोडक्यात. तो भांडेवाडीच्या कचरा डेपोत जाऊन ढिगाखाली हवेविना कुजला की मिथेन होतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या 28 पट धरतात. मागच्या बाजूच्या रिकाम्या जागेत कंपोस्टचे दोन हौद बसतील. वाळलेला पालापाचोळा आज तिथेच पेटवला जातो, तो हौदात थर द्यायला उपयोगी पडेल.

जनरेटरसाठी ठेवलेल्या पैशांतून सोलरचा विचार व्हावा. नागपुरात एक किलोवॅटला दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. 25 किलोवॅटला साधारण अडीच हजार चौरस फूट सावली नसलेली गच्ची लागेल, आणि कॉमन मीटरची जवळपास सगळी वीज त्यातून निघेल. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान आहे, म्हणजे साडेचार लाख. एक गोष्ट सभेत स्पष्ट सांगावी लागेल: नेट मीटरचं, म्हणजे जास्तीची वीज ग्रिडला देणारं साधं सोलर लाइन गेली की बंद पडतं, त्यामुळे सध्याचा जनरेटर ठेवावाच लागेल. मोठा मात्र लागणार नाही, असं माझं मत आहे.

मागच्या बारा महिन्यांची कॉमन मीटरची बिलं आणि लॉगबुकची पानं मला फोटो काढायला द्यावीत. घरोघरची बिलं कोणी स्वखुशीने दिली तरच घेईन, आणि नाव-फ्लॅट नंबर न लिहिता फक्त बेरीज मांडेन. कागद मिळाल्यापासून पंधरा दिवसांत एका पानाचा हिशेब आपल्या हाती देते. तो सभेच्या नोटिशीसोबत सर्व सभासदांना वाटावा, आणि जनरेटरचा विषय त्यानंतर घ्यावा.

आपली विश्वासू,
बी विंगमधील एक सभासद