विषय: पुसू नये

ती. स्व. काका यांस,
सा. न. वि. वि.

पुरात भिजलेल्या माझ्या चार कॅसेट तुम्ही दुरुस्त करायला घेतल्या, त्यातली चौथी वाचवता आली नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. आधी तेवढं सांगते, कारण त्या दिवशी सांगली स्टँडवर एसटीत बसल्यावर मला आठवलं, ती माझ्या हातात देताना तुम्ही तीनदा 'माफ करा' म्हणालात. ती तुमच्याकडे येण्याआधीच मेली होती. तिला मारणारे दुसरे होते, त्यांच्याकडे येतेच.

तुमचं नाव इथे लिहिलेलं तुम्हाला चालणार नाही, म्हणून नुसतं काका. पाकिटात मी थोडे जास्त पैसे ठेवले होते ते तुम्ही मोजून परत केलेत. आभार मानायला तोंड उघडलं तर 'गाडी चुकेल' म्हणून वाटेला लावलंत. मग हे चारचौघांत लिहिण्यावाचून मला काय इलाज?

22 जुलै 2021च्या पहाटे वाशिष्ठीचं पाणी आमच्या घरात आलं. चिपळूणकरांना पाणी नवीन नाही. 2005च्या पुराची खूण आमच्या भिंतीवर होती, म्हणून आईने त्या खुणेच्या वर सगळं सामान चढवलं आणि चहा ठेवला. या वेळी पाण्याने खूण जुमानली नाही, ते थेट माळ्यावर गेलं. माळ्यावर ट्रंक होती आणि ट्रंकेत चार व्हिडिओ कॅसेट. चारही कॅसेटवर शक्तिमान.

पंचनाम्याला आलेल्या माणसाने फ्रिज लिहिला, गाद्या लिहिल्या, शिलाई मशीन लिहिलं. कॅसेट म्हटल्यावर त्याचं पेन थांबलं. "कसल्या?" मी सांगितलं. बिचारा दोन रात्री झोपलेला नव्हता, तरी हसला. त्याच्यावर माझा राग नाही. पंचनाम्यात शक्तिमानचा रकाना नसतो.

राग आहे तो, कॅसेट दुरुस्तीला जिथे नेल्या, त्या पुढच्या दोघांवर. पहिलं दुकान मुंबईतलं, एसी, काचेचं दार, जुन्या आठवणी जपण्याबद्दल भिंतीवर मोठमोठी वाक्यं. त्यांनी पावती दिली, तीन आठवडे कॅसेट ठेवून घेतल्या आणि मग परत केल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीला मी मारलेली गाठ जशीच्या तशी होती. उघडून पाहायचेसुद्धा कष्ट नाहीत. वर काउंटरवरचा मुलगा मला समजावतोय, "मॅडम, हे सगळं यूट्यूबवर आहे." दुसऱ्याने निदान उघडली. उघडून, लवकर वाळावी म्हणून, तिच्यावर केस वाळवायचं यंत्र धरलं. टेप कुरडईसारखी आक्रसून गेली. तीच ही चौथी. "जुना माल आहे, एवढं तर होणारच," असं म्हणून त्यांनी त्याचेही पैसे घेतले.

यूट्यूबवर आहे हे मला माहीत आहे हो. 2020च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनने मालिका पुन्हा दाखवली तेव्हा मुलाला शेजारी बसवून मी पाहिलीही. तो दोन भागांनंतर उठून गेला. खरं सांगायचं तर माझंही मन लागेना. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ, आणि तरी काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहिलं. काय ते मला तेव्हा कळलं नाही.

शक्तिमान सुरू झाली 13 सप्टेंबर 1997ला. तो शनिवार होता. तुमच्या लक्षात असेल, रविवारी दुपारी बाराची वेळ तिला नंतर मिळाली, आधी ती शनिवारी सकाळी लागायची. आणि शनिवारी आमची सकाळची शाळा. दप्तर पाठीवर बडवत धावत घरी पोचेपर्यंत निम्मा भाग होऊन गेलेला असायचा. एका शनिवारी माझा भाऊ उंबऱ्यात बसून इतका रडला, की पुढच्या आठवड्यापासून आईने टेप करायला घेतलं. आतेभावाने मस्कतहून आणलेला व्हीसीआर होता. तोवर त्याला फक्त बाबा हात लावत. आईने एका दुपारी शेजारच्या दादाकडून बटणं शिकून घेतली. कॅसेट महाग, ती जाहिरातींवर वाया घालवायची नाही, म्हणून जाहिरात लागली की पॉज आणि संपली की पॉज काढायचा. हे सगळं पोळ्या करता करता.

त्यामुळे आमच्या शक्तिमानला आईच्या स्वयंपाकाची भोकं पडलेली आहेत. कणकेचे हात धुऊन येईस्तोवर पारले-जीची जाहिरात निम्मी रेकॉर्ड झालेली असते. पॉज काढायला उशीर झाला की गंगाधर, म्हणजे साध्या वेशातला शक्तिमान, वाक्याच्या मध्यावरच उगवतो. एका भागात खलनायक कपाला कसा हरला ते आम्हाला कधीच कळलं नाही, कारण त्या वेळी दारात भाजीवाली होती. यूट्यूबवर तो सबंध भाग आहे. मी पाहिला. कपाला ठीकठाक हरतो. भाजीवाली मात्र नाही.

काका, तुम्ही हे न सांगता ओळखलंत. पिशवीची गाठ सोडलीत, एक कॅसेट नाकाशी नेलीत आणि म्हणालात, "नदीचं पाणी आहे. गटाराचंही आहे." 2019च्या पुरात तुमचं दुकान कुठवर बुडालं होतं ते शेल्फावरच्या पट्ट्यावरून मला दिसत होतं. मी घाबरत घाबरत सांगितलं, शक्तिमान आहे. मी पुढच्या वाक्याची वाटच पाहत होते, तेच ते यूट्यूबचं. तुम्ही विचारलंत, "टेप कुणी केलंय?"

"आईने."

"मग घाई करायची नाही."

पुढचे चार महिने तुम्ही काय काय केलंत ते मला अर्धंच समजलं. इथे सांगतही बसत नाही. स्वच्छ पाणी, सावलीत वाळवण, बुरशी, हेड परत परत साफ करणं, एवढंच लक्षात राहिलं. मधूनच तुमचा फोन यायचा, नमस्कार-बिमस्कार नाही, एकदम सुरुवात. "ताई, तिसऱ्यात मध्येच सचिन येतोय. काढू?"

मी म्हटलं, ठेवा.

"ठेवणारच होतो. विचारलं फक्त."

तो सचिन म्हणजे आमच्या घरातलं महायुद्ध. 24 एप्रिल 1998, शारजाची फायनल, त्याचा पंचविसावा वाढदिवस, 134 धावा. बाबांना ऐन वेळी कोरी कॅसेट सापडेना. जी हाताला लागली ती त्यांनी घातली. शक्तिमान गरगर फिरत वर जातो, पडद्यावर मुंग्या येतात आणि खाली उतरतो तो सचिन. चाळीसेक मिनिटांनी लाइट गेलेली आहे, कारण सामना तुटतो आणि मुंग्यांमधून शक्तिमानचा वैरी किल्विष बोलायला लागतो. आई दोन दिवस बाबांशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने आमच्या वह्यांची लेबलं घेतली आणि चारही कॅसेटवर चिकटवली. नाव: शक्तिमान. इयत्ता: कोरी. विषय: पुसू नये.

बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. त्या कॅसेटवरची त्यांची म्हणावी अशी एवढीच चाळीस मिनिटं, तीही चोरीची.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. पेनड्राइव्ह दिलात, मी पिशवी उचलली, तर तुम्ही म्हणालात, थांबा, कॅसेट राहिल्या. मला वाटलं होतं त्या तुम्ही टाकून दिल्या असतील. गाळाने भरलेल्या बॉडी तुम्ही बदलल्या होत्या हे माहीत होतं. पण त्या नव्या काळ्या बॉडींवर आईची लेबलं होती. तीच. मी चिपळूणहून निघाले तेव्हा ती चिखलाचा लगदा होती, त्यावर काही लिहिलेलं असेल हे मीही विसरले होते. तुम्ही ती भिजवून सोडवलीत, वर्तमानपत्रात दाबून वाळवलीत. "बॉलपेन होतं म्हणून अक्षर राहिलं," म्हणालात, जणू सगळं काम बॉलपेननेच केलं. दुसऱ्या कॅसेटवरचं लेबल पहिल्यापासून तिरकं होतं. जुन्या बॉडीवरचा डाग पाहून तुम्ही ते तेवढंच तिरकं लावलंत.

आणि चौथी. जिच्यातून काहीही निघणार नाही, जी कोणत्याही मशीनमध्ये पुन्हा कधी जाणार नाही, ती कुरडई. तिलाही नवीन बॉडी. तिच्यावरही लेबल. विषय: पुसू नये.

मी तेव्हा काही बोलले नाही. बोलता आलं नाही. तुम्हाला वाटलं असेल चौथीचं दुःख झालं, म्हणून तुम्ही आणखी एकदा माफी मागितलीत. तसं नव्हतं, एवढं समजून घ्या.

पूर ओसरल्यावर आमच्याकडे बाहेरगावची कॉलेजची पोरं फावडी घेऊन आली होती. त्यातली एक मुलगी तासभर लोणच्याची बरणी धूत बसली आणि मग येऊन आईला विचारते, "आजी, याचं झाकण कुठलं हो?" बरणीला तडा गेलेला होता. तरी तिने झाकण शोधून काढलं. तुमच्या दुकानात मला तीच आठवली. वस्तू मोलाची की फुकट हे गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहून ज्यांना कळतं, अशी माणसं आहेत अजून. काचेच्या दाराआड कमी असतील, पण आहेत. तुम्हाला शक्तिमान वगैरे म्हणणार नाही, घाबरू नका. पंख्याचं बटण दाबायला तुम्हाला स्टूल लागतं ते मी पाहिलंय.

रविवारी सगळ्यांनी मिळून पाहिलं. आता पाहताना हसू येतं हे कबूल. कापडी पडद्यासारखं आकाश, दोरीचा अंदाज येतो अशी उड्डाणं. पण भाऊ चाळिशीला टेकलाय आणि नाशिकहून व्हिडिओ कॉलवर 'पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री' एका दमात म्हणून दाखवतो. गीता विश्वास किटू गिडवानीची चांगली की नंतरच्या वैष्णवीची, यावर आम्ही दोघं पंचवीस वर्षांनी परत तेवढेच भांडलो. आई शक्तिमान झालेल्या मुकेश खन्नांना आजही महाभारत मालिकेतला भीष्मच म्हणते. "भीष्म फिरायला लागला बघ," म्हणाली. मध्येच खरोखर लाइट गेली आणि काळोखात तिनेच, अगदी किल्विषच्या आवाजात, "अंधेरा कायम रहे" म्हटलं. लोडशेडिंगच्या काळात हे ती रोज म्हणायची. मी विसरले होते.

या वेळी माझा मुलगा उठून गेला नाही. त्याला शक्तिमानचं कौतुक नव्हतं, आजीचं होतं. चित्र उडी मारून पुढे गेलं की तो विचारायचा, "आजी, इथे काय झालं?" आणि आई सांगायची. इथे दूध उतू गेलं. इथे पोस्टमन आला, मनीऑर्डर होती. इथे काही नाही, इथे मीच बघत बसले, पॉज काढायचं राहिलं. मग तिसरी कॅसेट लागली, मुंग्या आल्या, सचिन आला. आई गप्प झाली. मी पुढे ढकलायला हात नेला तर म्हणाली, "राहू दे. त्यांचं चालू दे." लाइट जाईस्तोवर आम्ही सगळी मॅच पाहिली.

दुसऱ्या दिवशी तिने मुलाकडून वहीची लेबलं मागून घेतली. पेनड्राइव्हवर लेबल मावेना, म्हणून तो एका काड्यापेटीत ठेवला आणि काड्यापेटीला लेबल लावलं. हात थोडा थरथरतो आता, पण अक्षर तेच आहे. विषय काय लिहिलाय ते तुम्हाला सांगायला नको. इयत्तेच्या रकान्यात या वेळी तिने 'सांगली' लिहिलंय.

तुमची,
चिपळूणची ताई

ता. क. सोबत आमसुलं आणि ओल्या काजूचे गर पाठवलेत. हिशेब हिशेबाच्या जागी हे मान्य, पण हे आईने पाठवलंय. परत पाठवायचं असेल तर तिच्याशी बोला.